शस्त्रक्रियेनंतरचा रुचिपालट

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावी पंगतीला बसलेल्या माणसाने पानातला पदार्थ तसाच ठेवला, तर यजमानाला ते खटकल्यावाचून राहत नाही. स्वयंपाक आवडला नाही काय, असा प्रश्न लगेच येतो आणि त्यापाठोपाठ आग्रहाची आणखी एक वाढ पानात पडते. ज्या भागाने दुष्काळ वारंवार सोसला, तेथे अन्न टाकणे हे पाप आणि पोटभर जेवू घालणे हे पुण्य मानले जावे, हे स्वाभाविकच होय. परंतु अलीकडे या पंगतीत एक निराळा पाहुणा बसू लागला आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या रुग्णालयात वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेऊन तो गावी परतलेला असतो. चार घासांतच त्याचे पोट भरते. ज्या पेढ्यासाठी तो पूर्वी मुद्दाम कुंथलगिरीला वाट वाकडी करून जात असे, तो पेढा आता त्याला नकोसा वाटतो. मटणाच्या रश्श्याला फोडणी पडली की त्याला मळमळू लागते. साधे पाणीही जड लागते, अशी त्याची तक्रार असते.

घरच्या मंडळींना यातले काहीच उमगत नाही. कोणी म्हणते, हे जिभेचे चोचले आहेत. कोणी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. अन्नावरची वासना उडाली म्हणजे काहीतरी बिघडले असा सर्वसाधारण समज असल्याने, शस्त्रक्रियाच फसली की काय अशी शंकाही येते. वस्तुतः यात चोचलेही नाहीत आणि दृष्टही नाही. रुचीतील हा बदल त्या शस्त्रक्रियेच्या परिणामाचाच एक भाग आहे. मात्र त्यातला कोणता बदल अपेक्षित आणि कोणता धोक्याची सूचना देणारा, हे रुग्णाच्या घरी व गावात ठाऊक असणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया शहरात होते. तिचे पुढचे एक-दोन वर्षांचे निभावणे घरच्या स्वयंपाकघरात व्हावयाचे असते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

लठ्ठपणा हा आता केवळ शहरी सुखवस्तू वर्गाचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. हे मोजण्याचे माप म्हणजे शरीरभारांक. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. १ मीटर ५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या स्त्रीचा शरीरभारांक सुमारे ३७.५ येतो. २५ च्या वरचा अंक अधिक वजनाचा आणि ३० च्या वरचा लठ्ठपणाचा, असा जागतिक संकेत आहे. भारतीयांच्या बाबतीत तो आणखी कडक धरावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण पाश्चात्त्यांच्या तुलनेत अधिक असते आणि त्यामुळे कमी वजनावरच मधुमेह जडतो. म्हणूनच २०२२ साली सुधारण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा शस्त्रक्रियेचा विचार सर्वसाधारणपणे ३५ च्या पुढे, परंतु आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच करता येतो, असे म्हटले आहे.

या शस्त्रक्रियेचा आरंभ १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केला. आज तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला बायपास म्हणतात, जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. मधला मार्ग अन्नाला वर्ज्य होतो. केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून हा विषय महाराष्ट्रातील घराघरांत पोचला. तरीही ही केवळ पोट लहान करण्याची युक्ती आहे, असाच समज अद्याप आढळतो. तो अपुरा आहे.

जठर हे अन्न साठविण्याचे पोते नव्हे. भुकेची वर्दी मेंदूला देणारे ग्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. पहिल्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत हाच भाग काढून टाकला जातो. उलटपक्षी अन्न लहान आतड्यात लवकर उतरू लागल्याने तेथून तृप्तीची वर्दी देणारी संप्रेरके, विशेषतः जीएलपी-१, अधिक प्रमाणात स्रवू लागतात. वजन घटविण्याची जी नवी इंजेक्शने अलीकडे भारतातही मिळू लागली आहेत, ती याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेली आहेत. म्हणजे भुकेचा आवाज क्षीण होतो आणि तृप्तीचा मोठा होतो. चव बदलण्याचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

चव म्हणजे काय?

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. येथे भाषेची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. आयुर्वेदातील कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. मराठीत येताना कटु या शब्दाचे कडू झाले आणि अर्थ पालटला. ‘कडू’ काढा व ‘कटु’ औषध यांचा घोटाळा त्यामुळे आजही होतो. आधुनिक शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट व कडू या चवी मानते आणि त्यांत पाचवी उमामी ही धरते. ती १९०८ साली जपानचे किकुनाए इकेदा यांनी वेगळी ओळखली. डाळीचे वा मांसाचे कढण अंगी लागते असे जे वाटते, ती चव काहीशी याच जातीची. तिखटपणाला मात्र शास्त्र चव मानीत नाही. मिरचीतील द्रव्य उष्णता व वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. ही यंत्रणा उलगडणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जिभेवरील रुचिकलिकांतील पेशी साधारण दहा ते चौदा दिवसांत झिजून नव्या होतात. पदार्थाचा स्वाद म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग तर जिभेचा नसून नाकाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. सर्दीत जेवण बेचव लागते ते यामुळेच. २०२० च्या करोना साथीत अनेकांचा वास गेला आणि त्याबरोबर चवही गेली, हा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला आहे. ही शस्त्रक्रिया नाकाला वा जिभेला स्पर्शही करीत नाही, तरी तिच्या मागोमाग दोन्ही बदलतात, हा यातला विस्मयकारक भाग होय.

इंग्लंडमधील लेस्टर येथे बायपास झालेल्या १०३ रुग्णांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांनी चव बदलल्याचे आणि ४२ टक्क्यांनी वास बदलल्याचे सांगितले. तितक्याच, म्हणजे ७३ टक्के रुग्णांच्या मनात एखाद्या पदार्थाविषयी तिटकारा निर्माण झाला होता आणि त्यात मांसाचे पदार्थ विशेष होते. अशा रुग्णांचे वजन अधिक घटले, असेही दिसून आले. तथापि जिभेची प्रत्यक्ष परीक्षा घेतली, साखरेचे पातळ-घट्ट पाणी देऊन पाहिले, तर निष्कर्ष नेहमी एकसारखे येत नाहीत. याचा अर्थ, जीभ गोडी ओळखते, पण त्या गोडीचे मेंदूला वाटणारे मोल उतरते. २०१२ साली लंडनमधील संशोधकांनी याची एक मार्मिक परीक्षा घेतली. यंत्राची कळ दाबल्यावर एक गोळी मिळावी आणि प्रत्येक पुढच्या गोळीसाठी अधिक वेळा कळ दाबावी लागावी, अशी योजना होती. बायपासनंतर गोड गोळीसाठी कष्ट घेण्याची रुग्णांची तयारी सुमारे निम्म्यावर आली. भाज्यांच्या तुकड्यांसाठी मात्र ती पूर्वीइतकीच राहिली.

याला आणखी एक कारण जोडले जाते. बायपासनंतर साखरेचे पाणी जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते. मग अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. कित्येकांना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकाएकी उतरून गरगरते. असा प्रसंग दोन-तीनदा गुदरला की, शरीर त्या पदार्थालाच गुन्हेगार ठरविते. ज्या अन्नामागून त्रास झाला ते अन्न प्राणी टाळतात, हे १९५५ साली जॉन गार्सिया यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. आपल्याकडे पाहुण्याच्या हाती पहिल्याप्रथम दिला जातो तो भरपूर साखरेचा चहा. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने तो नाकारला तर त्यात यजमानाचा अपमान नसतो.

घरचे पान

शस्त्रक्रियेनंतर आहार टप्प्याटप्प्याने वाढवितात. प्रथम पातळ पेये, मग दाट पेये, मग मऊ घोटलेले अन्न, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे निराळे असते व तेच पाळावयाचे असते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, अशी अपेक्षा असते. एवढ्याशा जठरात ती कशी मावावीत, हीच खरी अडचण. त्यातच मांसाचा तिटकारा आला, किंवा रुग्ण मुळातच माळकरी अथवा जैन शाकाहारी असला, तर ती अधिक बिकट होते.

या दृष्टीने जिल्ह्याचा पारंपरिक आहार दरिद्री नाही. मुगाचे कढण, हुलग्याचे माडगे, ताक, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, पनीर आणि चालत असल्यास अंडे, हे पदार्थ थोड्या जागेत बरेच काही देतात. माडग्यात गूळ न घालता मीठ व जिरे घालावे, एवढाच फरक. मऊ भाताचा मात्र अनेकांना त्रास होतो, कारण तो चिकटून त्याचा गोळा बनतो. गव्हाच्या मऊ पोळीचेही तसेच. ज्वारीची भाकरी पुढे चालू शकते. ती लहान तुकड्यांनी, प्रत्येक घास बारीक होईपर्यंत चावून खावी लागते. ज्वारीत व इतर धान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते आणि ते जस्त व लोह यांना बांधून ठेवते. आंबवल्याने व मोड आणल्याने ते कमी होते. ज्वारीची आंबील आणि मोडाची कडधान्ये यांचे मोल शास्त्रानेही मान्य केले आहे, ते यासाठी. जस्ताचा प्रश्न येथे गौण नव्हे: जिभेवरील पेशी नव्या होण्यास जस्त लागते आणि त्याची उणीव पडली की, तोंडाला चव नाही ही तक्रार वाढते. शस्त्रक्रियेमुळे बदललेली रुची आणि उणिवेमुळे गेलेली चव यांत भेद करावयाचा असेल, तर रक्ततपासणीवाचून गत्यंतर नाही.

वाढणाऱ्याने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पान लहान असावे. प्रथम वरण, उसळ किंवा पनीर आणि नंतर उरलेल्या जागेत भाकरी, असा क्रम असावा. जेवताना पाणी देऊ नये. जेवण व पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते. कोणाला उचकी लागते, कोणाच्या नाकाला पाणी येते, कोणाला छातीच्या मध्यभागी दाब जाणवतो. त्या खुणेनंतर आग्रहाने भरविलेला एकच घास ओकारीस कारण होतो.

उन्हाळ्याचे दिवस विशेष कठीण जातात. तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलेले असताना तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची सोय या जठराला उरलेली नसते. पाण्याची बाटली जवळ ठेवून दिवसभर घोटघोट पीत राहावे लागते. शाळेत तासावर असलेल्या शिक्षकाला वा रोजगारावर गेलेल्या मजुराला ही मुभा असली पाहिजे. पाणी कमी पडले की लाळ आटते आणि लाळेत विरघळल्यावाचून कोणताही पदार्थ जिभेला कळत नाही. म्हणजे उन्हाळ्यातील बेचवपणाचे कारण पुष्कळदा निव्वळ तहान हेच असते.

तुळजापूरच्या भवानीचे नवरात्र हा तर जिल्ह्याचा प्राणच. नऊ दिवसांचे उपवास करणारी घरे गावोगाव आहेत. शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षात असा उपवास टाळणेच इष्ट. साबुदाणा चिकट असतो, त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. शिवाय मधुमेहाची औषधे चालू असल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. शस्त्रक्रियेनंतर मधुमेह झपाट्याने आटोक्यात येतो, म्हणून जुन्याच मात्रेत गोळ्या घेत राहणेही घातक ठरते. पाठीवर हात ठेवून हे समजावून सांगणारी घरातील वडीलधारी व्यक्ती येथे डॉक्टरांइतकेच काम करू शकते.

इतर इंद्रिये

चरबीचे पांघरूण पातळ झाल्याने थंडी अधिक वाजते. हा बदल निरुपद्रवी आहे. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात, तेही बहुधा पुन्हा उगवतात. मद्य मात्र पूर्वीपेक्षा फार लवकर चढते आणि मिश्री किंवा विडी यांनी जिभेची धार जाते. विडी-सिगारेटने जोडलेल्या जागी व्रण होण्याचा धोकाही असतो. पायांना मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होऊन चुरचुरणे ही ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेची लक्षणे होत. हे जीवनसत्त्व शोषून घेण्यास जठराची मदत लागते आणि ती मदतच आता तोकडी झालेली असते. संधिप्रकाशात दिसेनासे होणे ही अ जीवनसत्त्वाची हाक. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होणे याला पुष्कळदा लोहाची कमतरता कारण असते. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या बरे वाटले म्हणून थांबवावयाच्या नसतात. त्या जन्मभर घ्यावयाच्या असतात.

रुचीचा हा पालट कायम टिकेलच असे नाही. वर्ष-दीड वर्षात पुष्कळांची गोडाची ओढ थोडीफार परत येते, भूकही परतते. पहिल्या वर्षात जीभ आपणहून साथ देत असते, त्या अवधीत नवी सवय लागली तर ती पुढे उपयोगी पडते. एरवी पेढा आणि फरसाण यांचा मार्ग पुन्हा मोकळा होतो. ते मऊ व कुरकुरीत पदार्थ लहान जठरातूनही सहज उतरतात. वजन पुन्हा वाढलेल्या रुग्णाला दोष देण्यापेक्षा हे अगोदर सांगितलेले बरे.

सर्वांत गंभीर गोष्ट ओकारीची. एखाद्या दिवशी घाईने खाल्ल्यामुळे उलटी होणे निराळे आणि रोज, काही दिवस सतत होत राहणे निराळे. अशा स्थितीत शरीरातील ब-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते. मग एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे लोक त्याला अशक्तपणा समजतात आणि गावातील दवाखान्यात नेऊन सलाईन चढवितात. त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असते. ब-१ चे इंजेक्शन न देता ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले जीवनसत्त्वही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला नेताना, वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि इतक्या दिवसांपासून उलट्या होत आहेत, ही दोन वाक्ये पहिल्याप्रथम सांगावीत. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी असोत की जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील डॉक्टर असोत, एवढ्यावरून त्यांना पुढची दिशा कळते. आशा स्वयंसेविकांना आपल्या गावात अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती कोण, हे माहीत असल्यास आणखी सोयीचे.

अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याचशा या जठराला व्रण पाडतात, विशेषतः बायपासनंतर. सुगीच्या दिवसांत अशा गोळ्यांचा खप वाढतो. शस्त्रक्रियेचा प्रकार व दिनांक लिहिलेला रुग्णालयाचा कागद घडी घालून पाकिटात ठेवावा आणि औषध मागताना दुकानदाराच्या हाती प्रथम तो द्यावा.